आधी मागची बाजू

"खूप जुनं आहे हो हे." माझ्यासमोर आल्बम ठेवणारा माणूस बहुतेक वेळा याच वाक्यानं सुरुवात करतो. टपाल तिकिटांची खरेदी-विक्री आणि लोकांच्या संग्रहांची किंमत ठरवून देणं हा माझा व्यवसाय. आजोबांचा आल्बम, वडिलांनी बिस्किटांच्या डब्यात साठवलेली तिकिटं, वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावर सापडलेलं पत्रांचं बोचकं, असं काय काय पुण्यातल्या माझ्या टेबलावर येत असतं. आणणाऱ्याच्या मनात आकडा आधीच पक्का असतो. तो आकडा बहुधा एखाद्या बातमीतून आलेला असतो.

२०१७ साली ब्रिटनमध्ये गांधीजींच्या १० रुपयांच्या चार तिकिटांची सलग पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. ती बातमी इथवर पोचली आणि त्यानंतर बराच काळ माझ्याकडे गांधीजीच येत राहिले. कुणी १९६९ च्या जन्मशताब्दीचं २० पैशांचं तिकीट आणलं, कुणी १९४८ चं दीड आण्याचं. "यातलं एक विकलं तरी मुलीच्या लग्नाचं भागेल," असं एक काका अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्या हातातलं तिकीट चहाच्या पैशांत मिळणारं होतं. हे सांगताना आवाज कसा ठेवायचा, हे या धंद्यात कुणी शिकवत नाही.

त्या पाच लाख पौंडांमागची गोष्ट अशी. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९४८ ला, गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. चरखा आणि खादी यांच्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाची तिकिटं छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये, कूर्व्हॉइझिए या छापखान्यात. हा विरोधाभास तेव्हाही लोकांना खटकला असणार. या चारही तिकिटांच्या थोड्या प्रतींवर 'सर्व्हिस' असा काळा शब्द वर छापून घेतला होता, आणि तोही गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या कार्यालयाच्या वापरासाठी. दहा रुपयांची अशी जेमतेम शंभर तिकिटं निघाली, आणि खासगी हातांत असलेली तर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे पाच लाख पौंड मिळाले ते या एका काळ्या शब्दाला. आता काळा शब्द छापणं कुणालाही जमतं. त्यामुळे 'सर्व्हिस' असलेलं दहा रुपयांचं तिकीट समोर आलं की मला आनंद होत नाही, आधी संशय येतो. आजवर तो संशय एकदाही वाया गेलेला नाही.

'सर्व्हिस' नसलेलं साधं दहा रुपयांचं तिकीटही स्वस्त नाही. कोरं, डिंकासकट, बिनडागी असेल तर त्याला चांगली किंमत येते, म्हणूनच त्याच्या नकला भरपूर आहेत. इथे भिंग काढायच्या आधी मी छिद्रांची पट्टी काढतो. तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते या पट्टीवर मोजतात. या मालिकेची मोजणी साडेअकरा यायला हवी. नक्कल करणारा चित्रावर खूप कष्ट घेतो, रंगही जवळपास जुळवतो, आणि छिद्रांशी येऊन आळस करतो. माणसांच्या आळसावर माझा बराच धंदा चालतो.

वयाचं म्हणाल, तर राणी व्हिक्टोरियाचं १८८२ नंतरचं हिरवं अर्ध्या आण्याचं तिकीट घ्या. शंभरी कधीच उलटलेलं. पण ते इतकं छापलं गेलं आणि इतकं वापरलं गेलं की पुण्याच्या जुन्या बाजारात, लोखंडी कुलपं आणि बंद पडलेली घड्याळं मांडलेल्या पथारीवरही ते पुडीतून मिळायचं. घरातल्या माणसाला वाटतं, एवढं जुनं म्हणजे सोनं. मी हळूच सांगतो, की त्या काळी घरोघरी जे होतं ते आजही घरोघरी आहे. दुर्मीळ तेच असतं, जे तेव्हाही कमी होतं किंवा जे लोकांनी नीट जपलं नाही.

सगळ्यात पहिल्या तिकिटांबद्दल मात्र माझा पक्षपात आहे, तो लपवत नाही. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट 'सिंध डाक', १ जुलै १८५२ चं. ते काढणारा बार्टल फ्रिअर हा आपल्याला अगदीच परका नाही. तो आधी साताऱ्याला रेसिडेंट होता, मग सिंधचा कमिशनर झाला, आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर असताना त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. सिंध डाकेचं तिकीट अर्ध्या आण्याचं, गोल, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी चिन्हाचा उठाव असलेलं. आधी लाखेसारख्या लाल वेफरवर काढलं, पण ते तडकून तुकडे होई. मग पांढऱ्या कागदावर काढलं, पण रंगच नसल्यानं दिव्याच्या उजेडात ते दिसेना. शेवटी निळं आलं. १८५४ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच तिकीट आल्यावर हे बंद झालं. खरं लाल वेफर मी प्रदर्शनात काचेमागे पाहिलंय. टेबलावर जी सिंध डाक येते, तिच्यातली बहुतेक अलीकडच्या काळातली, संग्राहकांसाठीच बनवलेली असते.

१८५४ ची तिकिटं मात्र हातात येतात, आणि त्यांच्यासाठी मी अजूनही संध्याकाळच्या संध्याकाळी घालवतो. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला. त्याआधी अंतर मोजून पैसे घ्यायचे. ही तिकिटं इंग्लंडहून मागवण्याऐवजी कलकत्त्यात छापायचं ठरलं आणि काम आलं सर्व्हेअर जनरलच्या कचेरीतल्या कॅप्टन थुइलियरकडे. नकाशे छापणारा माणूस तो. त्यानं शिळाछापावर अर्ध्या आण्याचं तिकीट शेंदरी रंगात काढलं, कडेला नक्षीच्या साडेनऊ कमानी होत्या. विलायतेची शाई संपली. इथली शेंदरी शाई वापरली, तर शिळेवरचं चित्रच बिघडायला लागलं. मग नक्षी बदलून आठ कमानी केल्या आणि रंग झाला निळा. साडेनऊ कमानींचं शेंदरी तिकीट म्हणूनच संग्राहकांच्या स्वप्नात येतं आणि नकलाकारांच्या यादीत पहिलं असतं.

निळं अर्ध्या आण्याचं तिकीट मात्र साध्या संग्राहकालाही परवडू शकतं, आणि ते तपासण्यात खरी गंमत आहे. याला छिद्रं नाहीत. पोस्टातला कारकून किंवा घेणारा माणूस कात्रीनं कापून द्यायचा. कात्री सरळ चालली तर चारही बाजूंनी कडा शिल्लक, नाहीतर राणीच्या चौकटीतच घाव. चार कडा असलेलं तिकीट आणि एक बाजू कापलेलं तिकीट, यांच्या किमतीत फार मोठं अंतर असतं. त्याच मालिकेतलं चार आण्याचं तिकीट अष्टकोनी, लाल चौकट आणि निळं डोकं. कितीतरी लोकांनी ते हौसेनं अष्टकोनातच कापलं. सुबक दिसावं म्हणून केलेल्या त्या कष्टानं बाजारात त्याची किंमत पार उतरली. हे चार आणे दोन वेळा, दोन रंगांत छापले जात, आणि त्यात काही वेळा राणीचं डोकं उलटं बसलं. तशी तिकिटं जगात मोजकी आहेत. कुणी माझ्याकडे तसं तिकीट घेऊन येईल, अशी आशा मी ठेवत नाही. पण चार आणे समोर आले की डोळा आधी डोक्याकडेच जातो.

आणि मग मी तिकीट पालथं करतो. नवखा माणूस चित्र बघतो, जाणता पाठ बघतो. १८५४ च्या कागदात कंपनीच्या राजचिन्हाचं जलचिन्ह पूर्ण पानभर पसरलेलं होतं. त्यामुळे एकेका तिकिटाच्या वाट्याला त्याची एखादीच वळलेली रेघ येते, कधी तीही येत नाही. १८६५ पासून हत्तीचं डोकं आलं, पुढे चांदणी, आणि १९२६ साली नाशिकला छपाई सुरू झाल्यावर कागदभर बारीक चांदण्या. काळ्या तबकडीत तिकीट पालथं ठेवून त्यावर दोन थेंब बेंझिन टाकलं की जलचिन्ह क्षणभर उमटतं आणि बेंझिन उडालं की विरतं. तेवढ्या वेळात पाठ दुमडलेली होती का, कागद कुठे विरळ झालाय का, फाटकं सांधलंय का, हेही कळतं. कितीदा पुढून राजबिंडं दिसणारं तिकीट पाठीमागून पातळ निघतं. आल्बममधून ओरबाडून काढताना कुणीतरी कागदाचा पापुद्रा आल्बमलाच ठेवून दिलेला असतो.

आपल्या हवेनं तर पाठींची वाटच लावली आहे. कोकणातून येणारे आल्बम उघडण्याआधी मी त्यांचा वास घेतो. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा डिंकाला पुरेसा असतो. कोरी तिकिटं पानाला चिकटून बसतात, डिंक पिवळा पडतो, छिद्रांच्या टोकांवर तांबूस ठिपके येतात. धंद्यात त्याला आम्ही रस्ट म्हणतो. १९४७ च्या नोव्हेंबरात निघालेलं साडेतीन आण्याचं 'जय हिंद' तिकीट, स्वतंत्र भारताचं पहिलं, झेंडा असलेलं, घराघरांत कोरं जपून ठेवलेलं असतं. भावनेनंच ठेवलेलं. पण डागाशिवायचं बघायला मिळतं ते क्वचितच. आणि चिकटपट्टी! ज्यानं कुणी पहिल्यांदा तिकीट चिकटपट्टीनं वहीत लावलं, त्याला मी मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं आहे. लॅमिनेट केलेली तिकिटंही येतात. त्यावर बोलायचं टाळतो.

आता खोटेपणाचा आणखी एक प्रकार, कारण तो फसव्या माणसापेक्षा साध्या माणसाच्या घरात जास्त सापडतो. इंग्रजी अमदानीतली काही तिकिटं पोस्ट आणि महसूल दोन्हींसाठी चालत. जॉर्ज पंचमचं २५ रुपयांचं तिकीट पत्रावर लावणार कोण? ते लागायचं कागदपत्रांवर, आणि त्यावर शाईनं सही व्हायची. पुढे कुणीतरी ती शाई रसायनानं धुऊन काढतो, वर टपालाचा खोटा शिक्का मारतो, आणि महसुलाचं स्वस्त तिकीट टपालाचं महाग होतं. अतिनील दिव्याखाली धरलं की सहीचा माग सावलीसारखा उमटतो. आजोबांनी ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणाकडून तरी विश्वासानं घेतलेलं असतं. नातवाला काय सांगायचं? मी दिवा लावून दाखवतो आणि त्याला स्वतःलाच बघू देतो.

बऱ्याच जणांना वाटतं की चुकीचं छापलं म्हणजे लाखांचं. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत अजिंठा आहे, घारापुरीची त्रिमूर्ती आहे, विजापूरचा गोल घुमट आहे. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलट बाजूनं छापली गेली आणि १९५० साली ती दुरुस्त झाली. पण त्या अवधीत चुकीच्या तिकिटाचेही ढीग विकले गेले होते, त्यामुळे चुकीचं असलं तरी ते लाखांचं नाही. १९५८ चं महर्षी कर्व्यांचं तिकीट पुण्यातल्या प्रत्येक आल्बममध्ये असतं. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. बाजारात त्याला काही किंमत नाही म्हटलं तरी चालेल. पण ते मी कुणाच्या आल्बममधून काढून विकायला सांगत नाही. शंभरी गाठलेल्या माणसानं आपलंच तिकीट लावलेलं पत्र पाहिलं असेल, ही कल्पना मला आवडते.

संस्थानांची तिकिटं वेगळं प्रकरण आहे, आणि आपल्या भागात त्यात भोर येतं. भोर संस्थाननं १८७९ मध्ये हातशिक्क्यानं छापलेली अर्ध्या आणि एक आण्याची तिकिटं काढली, नंतर १९०१ चं पंतसचिव शंकरराव यांच्या छबीचं. ती ओबडधोबड आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकला करणं सोपं. गोव्याचं त्याहून अवघड. पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १८७१ ला निघाली, गोव्यातच छापलेली, आणि त्यांचे कागद, छपाया, पुढे जुन्या तिकिटांवर मारलेल्या नव्या किमती इतक्या तऱ्हांच्या आहेत, की गोव्याचा संग्रह आला तर मी सरळ सांगतो, हे माझ्याच्यानं एकट्यानं होणार नाही, गोव्याचीच तिकिटं करणाऱ्याला दाखवू.

पण सगळ्यात जास्त वाईट मला वाटतं ते पाकिटांबद्दल. तिकीट साठवायचं म्हणजे पाकिटावरून सोडवायचं, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कोमट पाण्याचं ताट, त्यात तरंगणारी तिकिटं, मग वर्तमानपत्रावर वाळवण. शाळेतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच शिकवलं जायचं. त्या ताटात किती गेलं असेल, याचा हिशेब करवत नाही.

कारण किंमत कितीदा तिकिटाची नसतेच, त्यावर पडलेल्या शिक्क्याची असते. १८ फेब्रुवारी १९११ ला आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून यमुनेपलीकडच्या नैनीला साधारण साडेसहा हजार पत्रं विमानातून नेली. जगातली ही पहिली अधिकृत हवाई डाक. त्या पत्रांवर तिकिटं नेहमीचीच होती. वेगळा होता तो जांभळट रंगाचा, विमानाचं चित्र असलेला शिक्का. पाकिटावरून तिकीट सोडवलं, तर शिक्क्याचा तुकडा हातात येतो आणि हवाई डाक पाण्यात जाते.

तसंच परदेशातल्या ब्रिटिश-हिंदी पोस्टांचं. हिंदुस्थानची तिकिटं सिंगापूर, पिनांग, मलाक्का इथे १८६७ पर्यंत चालत आणि एडनला तर थेट १९३७ पर्यंत. त्या काळी शिक्क्यात गावाच्या नावाऐवजी आकडा असायचा. रेघांच्या नक्षीत 'बी १७२' दिसला तर ते पत्र सिंगापूरला टाकलेलं. '१२४' दिसला तर एडनचं, जे टपालाच्या कारभारात मुंबईखाली होतं. मुंबईच्या जाल कूपर यांनी अशा जुन्या शिक्क्यांवर पुस्तक लिहून ठेवलं, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं. नेहमीचं, पुडीतलं तिकीट या एका आकड्यानं वेगळ्याच रांगेत जाऊन बसतं.

रत्नागिरीकडच्या एका घरातून एक तरुण आला होता. पणजोबांचं एडनला दुकान होतं. पत्रं पेटीभर होती, म्हणाला. त्यानं डबा उघडला तर त्यात स्वच्छ धुतलेली, इस्त्री केल्यासारखी तिकिटं. काहींवर एडनच्या शिक्क्याचा अर्धा घेर.

"पाकिटं?"

"जाळली हो. वाळवी लागेल म्हणून आईनं... आणि तिकिटं तर सगळी काढून घेतली होती ना मी."

त्याला मी तिकिटांची जी किंमत होती ती सांगितली. पाकिटासकट काय आली असती, हे त्यानं विचारलं नाही, मीही बोललो नाही. पैशांपलीकडेही काही गेलं होतं. एडनचं पत्र कोणत्या बोटीनं आलं, मुंबईला कधी पोचलं, रत्नागिरीला कधी, हे सगळं पाकिटाच्या पाठीवर शिक्क्यांनी लिहिलेलं असतं. आत दुकानाचा हिशेब, तांदळाचा भाव, घरच्यांची चौकशी. तिकीट हा त्या प्रवासाचा फक्त भरणा.

किंमत काढताना कॅटलॉगचा आधार घेतात, तो घ्यावाच. पण स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या दुकानाच्या कॅटलॉगमधला आकडा म्हणजे उत्तम स्थितीतलं तिकीट त्या दुकानात ज्या किमतीला विकायला असेल ती किंमत. घरच्या माणसाला विकताना त्याच्या निम्मीही मिळत नाही, कित्येकदा दहावा हिस्साही नाही, आणि त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. दुकानदाराला ते वर्षानुवर्षं सांभाळायचं असतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेली प्रथम दिवस पाकिटं आणि नव्या तिकिटांची पानंच्या पानं तर आज छापील किमतीलाही जात नाहीत. कोरी तिकिटं टपालाला लावून टाका, असाच सल्ला मी देतो. लोक दुखावतात, पण त्यातल्या त्यात तोच फायद्याचा सौदा आहे.

भावंडांत वाटणी असेल तर काम आणखी नाजूक. आल्बम पानांपानांनी फाडून समान वाटायचा हट्ट धरणारी घरं मी पाहिली आहेत. पूर्ण मालिका तुटली की दोन्ही हिश्शांची मिळून किंमत आधीच्यापेक्षा कमी होते. एकानं आल्बम ठेवावा, दुसऱ्याला पैसे द्यावेत, हे समजावायला कधीकधी किंमत काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

तेव्हा एवढी विनंती आहे. माळ्यावर, पेटीत, देवघरामागच्या कपाटात जुनी पत्रं सापडली, तर तिकीट सोडवू नका. कोपरा कापून पाकीट टाकू नका. शिक्के पुसट असले तरी पुसायला किंवा धुवायला जाऊ नका. चिकटपट्टी, डिंक, लॅमिनेशन यांतलं काही लावू नका. पावसाळ्यात आल्बम कोरड्या जागी, उभा ठेवा. आणि माझ्याकडे किंवा कुणाहीकडे दाखवायला न्याल, तेव्हा पत्रासकट पूर्ण पाकीट न्या. ते विकायचं की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.